सील चौथ्यांदा बदललं तरी तेल गळतंच? मग शाफ्ट तपासा

लक्षण असं असतं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर नवं ऑइल सील (तेल अडवणारं रबरी कडं) बसवलं की पहिला दिवस बरा जातो. लिपला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी धारेला, ग्रीस लावलेलं असतं, त्यामुळे काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीलच्या खालच्या बाजूला ओल दिसते, आठवड्यात थेंब पडायला लागतात आणि पंधरा दिवसांत खाली पत्र्याचा ट्रे येतो. सील बदलायचं, पुन्हा तेच. लोक सीलची कंपनी बदलून बघतात, नायट्राइल रबराच्या जागी व्हिटॉन रबर टाकतात, तेल एक ग्रेड जाड करतात. गळती तिथेच.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत माझी दुरुस्तीची छोटी शेड आहे. असे आठ-दहा गिअरबॉक्स दरवर्षी माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं सील अगदी निर्दोष असतं. दोष असतो शाफ्टच्या त्या आठ-दहा मिलिमीटरच्या पट्ट्यात, जिथे सीलची लिप टेकते. डोळ्यांना तो पट्टा चकचकीत दिसतो, बोटाला गुळगुळीत लागतो, रफनेस टेस्टरवर आकडाही पास होतो. तरी तेल बाहेर येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना वाचायला द्यावं असं मराठीत काही हाताशी नव्हतं, म्हणून एका गिअरबॉक्सच्या निमित्ताने हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

गेल्या मे महिन्यात एका रंगाच्या कारखान्यातून कन्व्हेयरचा गिअरबॉक्स आला. इनपुट शाफ्ट ४५ मिलिमीटरचा, मोटर १४४० आरपीएमची. तीन महिन्यांत सील चार वेळा बदललं होतं. सोबत आलेला फिटर दांडिया बाजारात राहणारा आपलाच मुलगा. आल्या आल्या म्हणाला, "काका, हल्ली सीलच बोगस येतात." पण काढलेली चारही सीलं तो पिशवीत घालून घेऊन आला होता. ती त्याने फेकली नाहीत हे फार बरं केलं. काढलेलं सील म्हणजे अर्धं निदान. तुम्हीही फेकू नका, आणि काढताना त्यावर मार्करने तारीख आणि तेलाची बाजू लिहून ठेवा.

जुनं सील काय सांगतं

सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि लिपची धार उन्हात धरून बघा. नव्या सीलची धार बारीक, एकसारखी रेष असते. वापरलेल्या सीलवर त्या धारेची पट्टी झालेली असते. ही पट्टी रुंद, मंद, घासल्यासारखी दिसत असेल, तर शाफ्ट खरखरीत आहे आणि त्याने रबर कानशीप्रमाणे खाल्लं आहे. पट्टी काचेसारखी चकाकते, नखाने दाबली तर कडक लागते, धारेवर बारीक तडे आहेत, बाजूला काळा कोळसा जमला आहे, तर लिप कोरडी चालली आणि जळाली. याचं कारण पुष्कळदा शाफ्ट नको इतका गुळगुळीत असणं हे असतं. एकाच जागी चीर असेल तर सील बसवताना ते चावीच्या खाचेच्या कडेवरून नुसतंच सरकवलं आहे, तिथे टेप गुंडाळायला विसरले. लिपच्या एका बाजूला पट्टी रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल तर सीलचं घर आणि शाफ्ट एका केंद्रात नाहीत.

आणि पाचवा प्रकार, ज्यात माणूस चक्रावतो: लिप अगदी ठणठणीत. मऊ, पट्टी अरुंद आणि चहूबाजूंनी सारखी, स्प्रिंग जागेवर. त्या मुलाने आणलेली चारही सीलं अशीच होती. मी त्याला म्हटलं, "अरे, या सीलांचा काही गुन्हाच नाही. यांना कुणीतरी तेल बाहेर ढकलून देतंय."

आधी साधी कारणं संपवा

शाफ्टकडे वळण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या, त्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर जायची वाट) उघडून त्यातून फुंकर मारा. रंगाच्या, पिठाच्या, सिमेंटच्या कारखान्यांत तो हमखास बुजलेला असतो. मग पेटी तापली की आत हवेचा दाब चढतो आणि चांगलं सीलही तेल सोडतं, कारण साधं सील फार तर ०.३ ते ०.५ बारपर्यंतच टिकतं. तेलाची पातळी जास्त नाही ना ते बघा. डायल लावून शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते बघा. सील उलटं तर बसवलेलं नाही ना, हेही बघा. हसू नका, दर वर्षी एक तरी सापडतंच.

यातून काही निघालं नाही, तर दोन प्रश्न विचारा. पहिला, मशीन रात्रभर बंद असतं तेव्हा थेंब पडतो का? उभ्या शाफ्टला गळत असेल तर लिपला चीर आहे, शाफ्टवर खड्डा आहे किंवा तेल सीलच्या बाहेरच्या कडेने घरातून येतं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्यानंतर पाण्यात बसलेल्या पेट्या आमच्याकडे आल्या तेव्हा हाच प्रकार होता. लिपच्या खालच्या पट्ट्यात गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते, आणि शाफ्ट थांबताना एखादा खड्डा लिपखाली आला की तिथून तेल पाझरायचं.

दुसरा प्रश्न, फक्त चालताना गळतं का? तसं असेल तर शाफ्ट उलटा फिरवून बघा. आउटपुटचं कपलिंग खोला, म्हणजे कन्व्हेयर उलटा जाणार नाही. पेटीत बॅकस्टॉप (उलट फिरणं अडवणारा भाग) नाही याची खात्री करा, असेल तर हा प्रयोग करूच नका. मग वीज बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून मोटरच्या कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. आमच्या बाकावर सुलट दिशेने चाळीस मिनिटांत सहा थेंब पडले. उलट दिशेने चाळीस मिनिटं चालवलं, तर सीलखाली ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडाच्या कोरडा.

एका दिशेने गळतं आणि दुसऱ्या दिशेने गळत नाही, म्हणजे शाफ्ट पंपासारखा वागतो आहे. एकच अपवाद ध्यानात ठेवा. काही सीलांच्या लिपवर हवेच्या बाजूला तिरप्या बारीक फासळ्या असतात आणि वर बाण छापलेला असतो. असं सील चुकीच्या दिशेचं बसवलं तर तेही असंच वागतं. बाण नसलेलं साधं सील लावून प्रयोग केला की शंका राहत नाही.

लिपखाली नक्की काय घडतं

लिप शाफ्टला घट्ट आवळून बसते म्हणून तेल अडतं, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. खरं काम वेगळ्या रीतीने होतं. शाफ्ट फिरत असताना लिप आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. इंग्लंडमध्ये जॅगर यांनी १९५७ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. हा पापुद्रा साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आतबाहेर असतो. केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज घ्या. लिप या पापुद्र्यावर तरंगते म्हणूनच वर्षानुवर्षं टिकते.

मग तेल बाहेर का येत नाही? लिपचा तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा उतार पसरट असतो. त्यामुळे लिपचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे फिरत्या शाफ्टबरोबर ओढले जाऊन तिरपे होतात आणि एखाद्या पंख्याच्या पात्यांसारखे तेल आत, पेटीकडे ढकलत राहतात. चांगलं सील म्हणजे सतत आतल्या दिशेने चालणारा छोटासा पंप. सील उलटं बसवलं की भळाभळा तेल येतं ते याचमुळे, पंपाची दिशाच फिरते.

आता या पंपाच्या समोर शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या बारीक रेघा आल्या तर? त्याही तेल ढकलणार. रेघांचा कल एका बाजूला असेल तर तेल आत जाईल, लिप कोरडी पडून जळेल. कल दुसऱ्या बाजूला असेल तर तेल बाहेर येईल. रेघांच्या या कलाला धंद्यात लीड म्हणतात.

माझ्या आजीच्या घरी जातं होतं. त्याची धार गेली की टाकी घालणारी बाई दारात यायची आणि छिन्नीने दगडावर तिरप्या रेघा पाडायची. या रेघा दाणा भरडतात आणि पीठही मधून कडेकडे ढकलत नेतात. रेघा सरळ पाडल्या तर पीठ आत साठून राहतं, आणि दगड गुळगुळीत झाला तर दाणा नुसताच घरंगळतो. टाकीवाल्या बाईला हे पुस्तकातून कुणी शिकवलं नव्हतं, पण पृष्ठभागाच्या रेघा माल कुठे नेतात हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. शाफ्टवरच्या रेघाही तेच काम करतात, फक्त त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

रफनेसचा आकडा पास, तरी शाफ्ट नापास

त्या शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली होती. (रबर पोलादाला कसं कापतं, असं पोरं विचारतात. रबर कापत नाही. धुळीचे कण लिपमध्ये रुततात आणि ते कापतात.) खाच बुजवायला शाफ्टवर हार्ड क्रोम करून बाहेरून ग्राइंड करून आणला होता. मी मुद्दाम त्या शेडमध्ये जाऊन आलो, दोष द्यायला नाही, काम कसं झालं ते बघायला. तिथला ग्राइंडरवाला मन लावून काम करणारा माणूस. मोठ्या हौसेने म्हणाला, "साहेब, अरीसा जेवुं करी आप्युं छे." आरशासारखं करून दिलं आहे. ते खरंच होतं. ग्राइंडिंगनंतर त्याने शाफ्ट लेथवर लावून वरून बारीक एमरी पेपरचा हात मारला होता.

टेस्टर लावला तर आरए (खरखरीतपणाची सरासरी) ०.३४ मायक्रॉन, आरझेड (सुळक्यापासून दरीपर्यंतची उंची) २.४. सीलसाठी शाफ्टला जी मर्यादा सांगतात तिच्यात हे अगदी मधोमध बसतं. अमेरिकेतल्या रबर उत्पादकांच्या संघटनेच्या शिफारशीत आरए ०.२ ते ०.४३ आणि आरझेड १.६५ ते २.९ मायक्रॉन आहे. जर्मन मानक थोडं सैल आहे, आरए ०.२ ते ०.८ आणि आरझेड १ ते ५. दोन्हीकडे खालचीही मर्यादा दिलेली आहे, हे नीट वाचा. ०.२ च्या खाली गेलात तर तेल धरून ठेवायला पृष्ठभागावर दऱ्याच राहत नाहीत.

मग आकडा बरोबर असून चुकलं कुठे?

आरए ही सरासरी आहे. मधल्या रेषेपासून उंचवटे आणि दऱ्या सरासरी किती दूर आहेत, एवढंच ती सांगते. पावागड उचलून उलटा केला आणि त्याच आकाराचा खड्डा जमिनीत पाडला, तर आरए तोच येईल. लिपला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक लागतो. सपाट पठारावर खोल दऱ्या असतील तर दऱ्यांत तेल साठतं आणि लिप पठारावर सुखाने चालते. सपाटीवर सुळके असतील तर तेच सुळके लिपला ओरबाडतात. म्हणून आरएबरोबर आरझेड घ्याच, आणि टेस्टरवर आरएसके दिसत असेल तर तेही बघा. ते ऋण असेल तर पृष्ठभाग दऱ्यांचा आहे, धन असेल तर सुळक्यांचा.

दिशेबद्दल तर हे तिन्ही आकडे मुके आहेत. टेस्टरची सुई शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चार मिलिमीटर सरकते आणि वाटेत आलेले चढउतार मोजते. त्या रेघा शाफ्टभोवती कड्यासारख्या बंद होतात की स्क्रूसारख्या पुढे सरकत जातात, हे तिला एका फेरीत कळणं शक्यच नाही.

लेथच्या कामाचं उदाहरण घ्या. टूलच्या नाकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर, फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं ते अंतर) ०.१ मिलिमीटर. कागदावरचा आरझेड म्हणजे फीडचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, तो आला १.५६ मायक्रॉन. आरए साधारण ०.४. मीटरवर मस्त पास! पण तो पृष्ठभाग म्हणजे ०.१ मिलिमीटर पिचचा एक लांबच लांब आटाच आहे. नुसत्या लेथवर फिनिश केलेल्या शाफ्टवर सील लावू नका म्हणतात ते एवढ्याचसाठी.

एमरीचा हिशेब तर माझ्या अंगावर काटा आणणारा निघाला. लेथ ५०० आरपीएमवर, शाफ्ट ४५ मिलिमीटर, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जवळपास १,१८० मिलिमीटर. त्यावर कागद धरून माणसाने हात सेकंदाला फक्त २० मिलिमीटर सरकवला, तर रेघांचा कल येतो जवळजवळ एक अंश. सीलसाठी मान्य असलेला लीड आहे शून्य, फार तर ०.०५ अंश इकडेतिकडे. म्हणजे हाताच्या एका सहज फेरीने मर्यादेच्या वीसपट कल दिला. पुढे-मागे हात फिरवला की उलटसुलट रेघा थोड्या एकमेकींना मारतात हे खरं, पण शेवटचा हात ज्या दिशेने गेला त्याचा ठसा वर राहतोच. तो ग्राइंडरवाला सांगत होता, शेवटचा हात नेहमी कपलिंगच्या टोकाकडे ओढून संपवायचा, म्हणजे कागद सहज सुटतो. तिकडेच आमचं तेल जात होतं.

दोऱ्याची परीक्षा

लीड पकडायला महागडं यंत्र लागत नाही. ही जुनी, जगभर मान्य असलेली रीत आहे आणि खर्च दोन रुपयांचाही नाही.

शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये धरा. स्पिरिट लेव्हल ठेवून तो आडवा अगदी पाणसळीत आहे ना ते बघा, नाहीतर सगळी परीक्षा फुकट. सीलचा पट्टा केरोसीनने पुसून कोरडा करा आणि पातळ तेलाचं नुसतं बोट फिरवा. मग शिवणकामाचा मेण न लावलेला सुती दोरा घ्या. एक टोक टूलपोस्टला बांधा, दोरा शाफ्टवरून टाका आणि दुसऱ्या टोकाला साधारण ३० ग्रॅम वजन लटकवा. आम्ही दोन नट बांधतो, सोनाराच्या काट्यावर एकदा तोलून घेतलेले. दोरा शाफ्टला २२० ते २४० अंश वेढेल, म्हणजे अर्ध्या वर्तुळापेक्षा थोडा जास्त, अशी उंची जुळवा. शाफ्ट ६० आरपीएमने फिरवा. दोरा सुरुवातीला कुठे आहे तिथे मार्करचा बारीक ठिपका द्या आणि वीस फेरे मोजा.

लीड नसेल तर दोरा जागचा हलत नाही. असेल तर तो हळूच चालायला लागतो. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच, कारण आरशासारख्या शाफ्टवर, कुणी हात न लावता, दोरा शांतपणे एका बाजूला सरकत जातो. त्या मुलाने वाकून, डोळा शाफ्टला टेकेल इतक्या जवळून बघितलं आणि दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हा तर चालतोय."

वीस फेऱ्यांत दोरा ९ मिलिमीटर गेला. ४५ मिलिमीटर शाफ्टचा घेर १४१.४, वीस फेरे म्हणजे २,८२८ मिलिमीटर. ९ भागिले २,८२८, त्याचा कोन ०.१८ अंश. मर्यादा ०.०५ अंशांची, म्हणजे याच शाफ्टवर अडीच मिलिमीटर. साडेतीनपटीहून जास्त.

आता लेथ उलटा फिरवून पुन्हा बघा, ही पायरी गाळू नका. दोरा उलट्या दिशेने चालला तर लीड नक्की. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकला तर लीडचा संबंध नाही, शाफ्टला टेपर आहे (एका टोकाकडे निमुळता आहे) किंवा तो पाणसळीत नाही. आमचा उलट चालला.

दुरुस्ती

पुन्हा एमरी मारून लीड काढू, असं कुणी म्हणेल तर हात जोडा. एक कल पुसायला जाऊन दुसरा येतो.

योग्य इलाज प्लंज ग्राइंडिंग. ग्राइंडिंग व्हील शाफ्टवर सरळ आत उतरतं, टेबल डावी-उजवी अजिबात हलत नाही. सीलचा पट्टा दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि व्हील त्याहून रुंद असतं, त्यामुळे हे सहज होतं. टेबल हलवत ट्रॅव्हर्स ग्राइंडिंग केलं तर व्हीलची कड शाफ्टवर चालत जाते आणि लीड ठेवून जाते. आमच्या शाफ्टवर मुळात तेही झालं होतं, एमरीने त्यात भर घातली.

प्लंज करतानाही तीन गोष्टींचा आग्रह धरा. व्हील ड्रेस करताना, म्हणजे हिऱ्याने त्याचा पृष्ठभाग ताजा करताना, हिरा सावकाश फिरवा, कारण हिरा घाईने ओढला तर व्हीलवरच आटे पडतात आणि त्यांचा छाप शाफ्टवर उमटतो. व्हील आणि जॉब यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर पूर्ण अंकात ठेवू नका. दहाला एक असेल तर व्हीलचा तोच तोच भाग शाफ्टच्या त्याच जागी येत राहतो, साडेनऊला एक केलंत तर छाप विस्कटतो. आणि शेवटी फीड थांबवून ठिणग्या पूर्ण विझेपर्यंत व्हील तसंच फिरू द्या. या शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाई करणारा ऑपरेटर सगळी मेहनत घालवतो. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वेळ तोच.

आमच्या शाफ्टवर क्रोम पुरेसं जाड होतं, बाजूला दोन शतांश मिलिमीटर काढलं. व्यास कमी होईल अशी भीती बाळगू नका. सीलच्या जागी शाफ्टला एच ११ ही व्यासातली मुभा चालते, ४५ मिलिमीटरला ते शून्य ते उणे ०.१६ आहे. बेअरिंगची जागा वेगळी असते, तिथे मात्र हात लावायचा नाही. क्रोमचा थर संपत आला असेल किंवा खाच खोल असेल, तर शाफ्टवर पातळ स्टेनलेसची तयार स्लीव्ह चढवा. तिची भिंत पाव मिलिमीटरच्या जेमतेम वर असते, त्यामुळे सीलचा साइझ बदलावा लागत नाही. जागा असेल तर सीलच्या मागे रिंग घालून सीलच तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकवा, हा सर्वांत स्वस्त उपाय. फक्त नव्या जागीही दोरा लावून बघा.

साध्या, क्रोम न केलेल्या शाफ्टची कडकपणाची चाचणीही करून घ्या. किमान ४५ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) हवी, आणि पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर असेल तर ५५. आमचा वेग ३.४ मीटर होता. मऊ शाफ्टवर कितीही सुंदर फिनिश करा, वर्षभरात खाच पडतेच.

नव्या ग्राइंडिंगनंतर आरए ०.३१, आरझेड २.१. म्हणजे आधीच्यात आणि आत्ताच्यात आकड्याचा फरक जवळपास नाही. दोरा मात्र वीस फेऱ्यांत अर्धा मिलिमीटरही हलला नाही. सील त्याच कंपनीचं, तेच साधं नायट्राइल, पाचवं. बाकावर दोन्ही दिशांनी तीन-तीन तास चालवलं, कागद कोरडा. तो गिअरबॉक्स आता पावसाळा आणि दिवाळी काढून चालतो आहे, खालचा ट्रे त्यांनी उचलून नेला.

हाच हिशेब दुसरीकडे

इंजिन ओव्हरहॉल केल्यावरही तेल पितं, ही तक्रार पुष्कळदा याच घराण्यातली असते. लायनर (सिलिंडरची आतली नळी) आरशासारखा झाला की पिस्टनच्या रिंग बसत नाहीत. म्हणून होनिंगने (आतून बारीक दगडाने घासून) आडव्या-तिडव्या रेघा पाडतात आणि वरचे सुळके उतरवून पठार करतात, दऱ्या तेलासाठी ठेवतात. पठार किती आणि दऱ्या किती हे मोजायचा आलेख ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्येच मांडला. हायड्रॉलिक रॉडचंही तसंच. शाफ्टच्या खांद्याच्या कोपऱ्यात राहिलेल्या टूलच्या रेघेतून तर शाफ्ट तुटायची सुरुवात होते. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहिलं पाहिजे.

काम बाहेर देताना

जुन्या ड्रॉइंगवर फिनिशसाठी तीन त्रिकोण काढलेले असतात. त्या तीन त्रिकोणांत १.६ पासून ०.०२५ मायक्रॉनपर्यंत सगळं बसतं, म्हणजे खरखरीत शाफ्टही पास आणि आरसाही पास. बाहेरच्या ऑपरेटरला दोष देण्याआधी आपण त्याला काय लिहून दिलं होतं ते बघा. त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने त्याच्या परीने सर्वांत चांगलं, चकचकीत करून दिलं.

मी आता चलानवर हाताने असं लिहितो: "सीलचा पट्टा प्लंज ग्राइंड. आरए ०.२ ते ०.४, आरझेड १.६ ते २.९. लीड नको. ठिणग्या विझेपर्यंत थांबा. एमरी लावू नये. दोऱ्याने तपासून घेतलं जाईल." शेवटचं वाक्य लिहायला लागल्यापासून परत येणाऱ्या शाफ्टांत मोठा फरक पडला आहे. शिवाय शाफ्ट परत येताना त्या पट्ट्यावर तेल लावून कागद गुंडाळायला सांगा. टेम्पोत दुसऱ्या जॉबवर आपटून पडलेला एक टोचा सगळ्या ग्राइंडिंगवर पाणी फिरवतो.

एवढं करूनही गळत असेल तर खाली लिहा. पण लिहिताना इतकं द्या: शाफ्टचा व्यास आणि आरपीएम, फिरण्याची दिशा, गळती उभ्याने होते की चालताना, उलट फिरवल्यावर काय झालं, दोरा वीस फेऱ्यांत किती आणि कुठे सरकला, आणि काढलेल्या सीलच्या लिपचा उन्हात काढलेला जवळचा फोटो. आरएचा आकडा असला तर द्या, नसला तरी चालेल.